पूर आला की लढाई थांबते का?

प्रश्न असा आहे: युद्ध सुरू असताना नदीला मोठा पूर आला तर लढाई थांबते का, पुराचा फायदा नेमका कोणाला होतो, मुद्दाम पूर आणून शत्रूला अडवणं कितपत जमतं, आणि हेलिकॉप्टर, तयार पूल असं सगळं हाताशी असताना आजच्या सैन्याला पुराची खरंच एवढी अडचण होते का? मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला, म्हणजे सैन्याच्या अभियंता पलटणीतला. पूल टाकणं, पलटणी आणि गाड्या नदीपार नेणं, नंतर हेच काम पोरांना शिकवणं, यात नोकरी गेली. म्हणून सविस्तर लिहितो.

पुराने लढाई थांबत नाही, सैन्याचे तुकडे पडतात. अर्धी फौज ऐलतीरी, अर्धी पैलतीरी, आणि रसद मागे कुठेतरी चिखलात. ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला त्याने आहे त्या दारूगोळ्यावर तिथेच निभवायचं. पाणी चढलेलं असतं तोवर दोन्ही बाजू सारख्याच अडलेल्या असतात. फायदा कोणाचा, हे पाणी उतरायला लागल्यावर ठरतं. त्या वेळी काठावर कोण किती तयारीत उभा आहे, त्यावर ठरतं. पुढची बहुतेक उदाहरणं मी याच मुद्द्यासाठी देणार आहे.

आधी कामाची बाजू. बाहेरच्या माणसाला पूर म्हणजे पाण्याची रुंदी दिसते. आम्हाला आधी ओढ दिसते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाँटूनवरचा, म्हणजे तरंगत्या पुलाखालच्या पोकळ नावेवरचा, रेटा चौपट होतो. संथ पाण्यात ज्या नांगरावर अख्खा तरंगता पूल निवांत उभा असतो, तोच नांगर पुरात गाळातून फरफटत जातो. त्यात वरून झाडं वाहत येतात. एक मोठं झाड फांद्यांसकट पुलाला आडवं अडकलं की त्याच्यामागे गवत, ओंडके, मेलेली जनावरं साठत जातात आणि पाहता पाहता पुलाला धरणासारखा दाब येतो. म्हणून पुलाच्या वरच्या अंगाला कुऱ्हाडी, गळ आणि दोर घेऊन एक होडी कायम फिरती ठेवावी लागते. युद्धात तर शत्रू मुद्दाम ओंडके आणि सुरुंग सोडतो, त्यामुळे त्या होडीतल्या माणसांचं काम सगळ्यात जोखमीचं.

पण पूल बहुतेक वेळा पाण्यात फसत नाही, काठावर फसतो. नदी पात्राबाहेर आली की दोन्ही बाजूंना घोट्यापासून कमरेपर्यंत पाण्याचा एक रुंद पट्टा तयार होतो. तिथे होडी तळाला टेकते, चाक रुततं आणि माणूस चालतो तो पावलागणिक चिखलातून पाय उपसत. या पट्ट्यात ना नदीचे नियम चालतात, ना जमिनीचे. ऐलतीराचा पोचरस्ता पहिल्या चार-सहा जड गाड्यांतच चाकोऱ्यांनी उसवतो आणि मग पूल शाबूत असूनही त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही. पाणी चढलं की पुलाची लांबी कमी पडते, टोकाला आणखी पाँटून जोडावे लागतात. पाणी उतरलं की तीच टोकं गाळावर बसतात आणि काठावर उतरायची उतरण लटकत राहते. शिवाय पूर ओसरताना काठ जास्त ढासळतात. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारं पाणी निघून गेलेलं असतं. काल रणगाडा जिथून उतरला, तीच दरड आज खाली बसलेली असते.

म्हणून काठावर पोचल्यावर पहिलं काम अगदी साधं असतं. बोटाबोटावर खुणा केलेली काठी पाण्याच्या कडेला ठोकायची आणि दर अर्ध्या तासाने वाचायची. रात्री विजेरीवर हात धरून, जेमतेम खूण दिसेल एवढ्या उजेडात. काठी नसली तरी काठ बोलतो. पाण्याच्या वर ओल्या मातीचा गडद पट्टा दिसला की पाणी उतरतंय. पाणी थेट कोरड्या गवताला भिडलंय आणि गवताची पाती पाण्यात उभी आहेत, म्हणजे चढतंय. सांगलीकर पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग विचारतात, तेच हे. फरक एवढाच की युद्धात वरच्या अंगाचं धरण शत्रूच्या ताब्यात असू शकतं, आणि तिथला विसर्ग तुम्हाला कोणी कळवत नाही.

आता इतिहास. आपल्याकडच्या फौजा पावसाळ्याचे चार महिने छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. त्यामागे धर्म आणि सण होते, तसा नद्यांचा हिशेबही होता. दसऱ्यापर्यंत नद्यांना उतार पडतात, म्हणजे चालत पार होण्याएवढ्या उथळ जागा मिळतात, बैल आणि तोफा पार होतात, घोड्यांना चारा उभा असतो. हे वेळापत्रक मोडावं लागलं तेव्हा काय झालं, याची दोन उदाहरणं अवघ्या तीन वर्षांच्या अंतरातली आहेत.

पहिलं १७६० चं. सदाशिवरावभाऊ जूनमध्ये चंबळ उतरून पुढे गेले आणि पावसाने गाठलं. गंभीर नदीच्या पुराने फौज अडकून पडली. इटाव्याच्या बाजूला नावा जमवून यमुना ओलांडायची आणि अब्दाली व अवधचा नवाब शुजाउद्दौला एक होण्याआधी दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, शिरायचं, असा बेत होता आणि नावांचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. यमुना चढली आणि तो बेत बारगळला. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण शत्रू पलीकडच्या काठावर आणि मधे दुथडी भरलेली नदी. ऑक्टोबरात भाऊ पश्चिम काठाने उत्तरेला सरकले आणि १७ तारखेला कुंजपुरा घेतला. अब्दालीला पैलतीरावरून काही करता आलं नाही. तोपर्यंत पूर मराठ्यांच्या बाजूचा वाटत होता.

मग पाणी उतरायला लागलं. २५ ऑक्टोबरच्या सुमाराला अब्दालीने दिल्लीच्या वर बागपतला उतार शोधला आणि फौज पाण्यात घातली. माणसं वाहून गेली, तरी दोन-तीन दिवसांत मुख्य सैन्य अलीकडे आलं. त्याने मंतरलेला बाण नदीत सोडला, अशी हकीकत सांगतात. माझ्या दृष्टीने त्याने केलेली खरी गोष्ट म्हणजे तो काठ सोडून गेला नाही. उतार कधी आणि कुठे मिळेल हे पाहत राहिला. बागपतच्या घाटावर आपला पुरेसा पहारा नव्हता आणि भाऊंची मुख्य फौज ऐंशी-नव्वद किलोमीटर उत्तरेला होती. नदी ओलांडणारी फौज अर्धी इकडे, अर्धी तिकडे असते तेव्हा ती सर्वांत दुबळी असते. ते दोन-तीन दिवस हातचे गेले. त्यानंतर दिल्लीची वाट तुटली, पानिपतावर तळ पडला, आणि १४ जानेवारी १७६१ पर्यंत लोक आणि जनावरं उपासमारीने खंगत गेली. पानिपतावर आपल्याकडे खूप बोललं जातं: होळकर, गारदी, बाजारबुणगे, विश्वासरावांना लागलेली गोळी. बागपतच्या त्या घाटाबद्दल मात्र फार कमी बोलतात. लष्करी अभियंत्याला विचाराल तर मोहीम तिथे फिरली.

दुसरं उदाहरण १० ऑगस्ट १७६३ चं, आणि ते नेमकं याच्या उलट आहे. निजाम अलीने त्या वर्षी पुणं जाळलं होतं. पावसाळ्यात परतताना बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनापाशी तो फौजेच्या एका भागासह गोदावरी ओलांडून पलीकडे गेला, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण काठावर राहिला. गोदावरीला पूर होता. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. ते आणि राघोबादादा त्या मागे राहिलेल्या तुकड्यावर तुटून पडले. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पैलतीरी होता आणि त्याला एक माणूससुद्धा मदतीला धाडता आला नाही. बागपतला हातची गेलेली संधी राक्षसभुवनाला साधली गेली. लष्करी शाळेत नदी ओलांडण्याचा धडा शिकवताना परदेशातली उदाहरणं खूप देतात. मी मात्र शिकवताना ही दोन आवर्जून एकापुढे एक मांडत असे.

आता थोडं लांब जातो, पण तिथेही आपलीच माणसं होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी डिव्हिजन लढत होती. तिचं नावच पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. टेसिफोनहून माघार घेत ही डिव्हिजन टायग्रिसच्या वळणातल्या कुट या गावी थांबली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा पूर्ण केला. वेढा जवळपास पाच महिने चालला. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या संगमरवरी पाट्या अजून भिंतीत दिसतात. त्यावरचे आकडे वाचताना मला आधी हा मुलूख आठवतो.

टायग्रिस आपल्या नद्यांसारखी नाही. तिचा पूर हिवाळ्यातल्या पावसाने सुरू होतो आणि वसंतात अनातोलियाच्या डोंगरातला बर्फ वितळला की खरा चढतो. मुलूख ताटासारखा सपाट, दगड नाही, झाड नाही. नदी जागोजागी मातीच्या बांधांनी अडवलेली. बांध फुटला की पाणी पसरून दलदली भरतात. रस्ते नाहीत, बसऱ्याच्या वर तेव्हा रेल्वे नाही. सगळी रसद चाकाच्या आगबोटींनी नदीतून यायची. म्हणजे जी नदी शत्रू, तीच रस्ता. पाणी कमी असलं की बोटी वाळूत बसत, पाणी वाढलं की ओढीविरुद्ध रांगत येत.

जानेवारी १९१६ मध्ये पाणी चढलं आणि कुटच्या वायव्येकडच्या पहिल्या फळीतले खंदक भरले. आपल्या लोकांना मागच्या फळीत यावं लागलं. तुर्कांचेही खंदक भरले आणि तेही मागे हटले. मधे पाण्याचा रुंद पट्टा उभा राहिला. आतल्यांच्या दृष्टीने हा पूर एका अर्थी वरदान ठरला, कारण त्या पाण्यातून हल्ला चढवणं तुर्कांना अवघड होतं. पण त्याचं मोल दुसरीकडे चुकवावं लागलं. बांध घालत राहणं हे रोजचं काम झालं, आणि ते करायचं अर्धपोटी माणसांनी, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या असताना, गोळीबाराखाली. खंदक खोदावा तर पाणी लागतं आणि मातीचा बांध वर उचलावा तर माणूस निशाण्यावर येतो. सपाट मुलखात पुराशी आणि बंदुकीशी एकाच वेळी लढताना ही कोंडी प्रत्येक फौजेला भोगावी लागली आहे.

सुटकेसाठी येणाऱ्या फौजेची गत जास्त वाईट झाली. तिचा पहिला सेनापती जनरल एल्मर स्वतः सॅपर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. नदी त्याला कोणी शिकवायला नको होती. पण टाउनशेंडने धान्य थोडेच दिवस पुरेल असं कळवलं होतं, म्हणून एल्मरला तयारी पुरी होण्याआधी निघावं लागलं. वादी इथला त्याचा नावांचा पूल वाऱ्या-पावसाने आणि प्रवाहाने तुटला, तोफा हव्या त्या काठावर वेळेत गेल्या नाहीत. २१ जानेवारीला हन्ना इथे त्याने तशाच अवस्थेत हल्ला केला. एका बाजूला टायग्रिस, दुसऱ्या बाजूला सुवैकियाची दलदल, मधे जेमतेम दीड किलोमीटरची पट्टी. दिवसभर पाऊस. जखमी रात्रभर चिखलात पडून राहिले. पुढे टाउनशेंडने साठे नीट मोजले तेव्हा अन्न आणखी कितीतरी दिवस पुरणार होतं, हे उघड झालं. ती घाई टळली असती तर पूलसामान आणि तोफा नीट जमवता आल्या असत्या.

वसंतातला पूर मार्चच्या मध्यावर येणार हा अंदाज होता, म्हणून ८ मार्चला दुजैलाचा हल्ला झाला, तोही फसला. एप्रिलमध्ये पाणी आलं. दलदल फुगली, वारा फिरला की तिचं पाणी खंदकात ढकललं जायचं, आणि ती पट्टी आणखी अरुंद झाली. २२ एप्रिलला सन्नैयातच्या शेवटच्या हल्ल्यात एकाच ब्रिगेडला पुढे सरकण्याएवढी कोरडी जागा उरली होती. मागे हजारो माणसं उभी, पण त्यांना जायला वाट नाही. पुढे गेलेल्यांच्या रायफली चिखलाने अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं. सुमारे १३,००० लोक कैद झाले आणि त्यांना सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पूर संख्याबळ कसं निकामी करतो याचं याहून विदारक उदाहरण मला माहीत नाही. पुरात प्रश्न किती सैन्य आहे हा नसतो, त्यातलं किती एका वेळी शत्रूपर्यंत पोचू शकतं हा असतो.

आणि तरीही तीच नदी, तशाच चढत्या पाण्यात, पुढच्या वर्षी ओलांडली गेली. २३ फेब्रुवारी १९१७ ला जनरल मॉडने कुटच्या वर शुमरानच्या वळणावर पहाटेच्या अंधारात होड्या टाकल्या. पात्र ३०० मीटरहून रुंद, पाणी फुगलेलं. आदल्या दिवशी सन्नैयातला जोराचा हल्ला करून तुर्कांचं लक्ष तिकडे खेचलं होतं. वल्ही मारणाऱ्यांचा आधी सराव करून घेतला होता, पुलाचं सामान मागे तयार होतं. तीन ठिकाणांहून होड्या निघाल्या. खालच्या दोन ठिकाणी वल्हेकरी इतके टिपले गेले की ती ठिकाणं सोडून द्यावी लागली. मग हट्ट न धरता सगळं बळ वरच्या एकाच ठिकाणावर लावलं. त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला पूल वाहतुकीला खुला झाला आणि ११ मार्चला बगदाद हाती आलं. एल्मरच्या आणि मॉडच्या नदीत फारसा फरक नव्हता. मॉडला वेळ मिळाला होता, आणि त्याने तो पुलाच्या सामानावर आणि सरावावर खर्च केला.

पाणी मोजून हल्ल्याची वेळ ठरवण्याचं सर्वांत नेमकं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या रोअर नदीपाशी अमेरिकेची नववी आर्मी १० फेब्रुवारी १९४५ ला हल्ला करणार होती. आदल्या रात्री जर्मनांनी वरच्या श्वामेनाउएल धरणाचे विसर्गाचे दरवाजे निकामी केले. एकदम लोंढा यावा असं त्यांनी केलं नाही. पाणी दोन आठवडे जोराने येत राहील अशी व्यवस्था केली. हे लोंढ्यापेक्षा जास्त हुशारीचं होतं, कारण लोंढा दोन दिवसांत ओसरतो. अमेरिकन अभियंत्यांनी धरणातला साठा आणि विसर्ग मांडून पाणी साधारण २४ तारखेला संपेल असा हिशेब काढला. सेनापती सिम्प्सनने २३ च्या पहाटे, नदी अजून जोरात असताना हल्ला केला. होड्या उलटल्या, दोर तुटले, पादचारी पूल वाहून गेले. कित्येक ठिकाणी गोळ्यांपेक्षा प्रवाहानेच जास्त छळलं. पण जर्मन इतक्या लवकर कोणी येईल या अपेक्षेत नव्हते. शिवाय मधल्या दोन आठवड्यांत त्यांनी राखीव फौजा उत्तरेला, ब्रिटिश-कॅनेडियन हल्ल्यापुढे हलवल्या होत्या. पुराने त्यांना मिळवून दिलेला वेळ त्यांनी दुसरीकडे खर्च करून टाकला होता.

आपल्या सैन्याचा या बाबतीतला सर्वांत शहाणा निर्णय १९७१ चा. एप्रिलमध्ये पूर्व पाकिस्तानात घुसण्याची घाई होती तेव्हा माणेकशॉ यांनी ठाम नकार दिला. त्याच्या कारणांत पावसाळा ठळक होता. पूर्व बंगालात पावसाळ्यात नदी आणि शेत यांतली सीमाच पुसली जाते. रणगाडे रस्त्याला खिळतात आणि प्रत्येक पूल शत्रूचा किल्ला बनतो. हिवाळ्यात नद्या आवरलेल्या असतील आणि हिमालयाच्या खिंडी बर्फाने बंद असतील, म्हणजे चीनची चिंता कमी, हाही हिशेब होता. दरम्यान त्याच पावसाळ्याने मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली फौजेला, हात दिला. पाकिस्तानी फौज पक्क्या रस्त्यांवर कोंडलेली, आणि मुक्तिवाहिनी गावकऱ्यांच्या होड्यांतून कुठूनही येई. १५-१६ ऑगस्टच्या रात्री त्यांच्या पाणबुड्या कमांडोंनी चट्टग्राम, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथल्या बंदरांत जहाजांना सुरुंग लावले. पूर जड सैन्याचा वैरी आणि हलक्या सैन्याचा सोबती असतो, तो असा.

डिसेंबरात युद्ध झालं तरी मेघना होतीच. ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. त्या आघाडीवरचे आपले सेनापती जनरल सगत सिंग यांनी तिथे पूल बांधायची वाट पाहिली नाही. एमआय-४ हेलिकॉप्टरांनी पलटणी उचलून पलीकडे उतरवल्या, आणि मागचं सामान गावकऱ्यांच्या होड्यांनी, माणसांच्या खांद्यांवरून गेलं. हेलिकॉप्टर असल्यावर पुराची काय भीती, असं विचारणाऱ्यांनी हा दुसरा भाग लक्षात ठेवावा. हेलिकॉप्टरने जवान आणि हलक्या तोफा पार होतात. रणगाडे आणि त्यांचं इंधन होत नाही. त्यातून ती कोरड्या मोसमातली नदी होती. जुलैत ढग खाली आलेले असताना हेच उड्डाण करून पाहायची मला तरी हिंमत झाली नसती. आजच्या सामानाचंही तसंच आहे. आपला 'सर्वत्र' पूल ७५ मीटरपर्यंतचं अंतर जोडतो आणि ते काम फार थोड्या वेळात करतो. पण ७५ मीटरची नदी पुरात ३०० मीटर होते, आणि त्या पुलाचे जड ट्रक ज्या काठाने आणायचे तो काठच वितळलेला असतो. यंत्रं सुधारली, माती तीच राहिली.

आता मुद्दाम पूर आणण्याविषयी. अडवण्यासाठी तो चालतो, हे खरं आहे. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस बेल्जियनांनी न्यूपोर्टचे समुद्राकडचे दरवाजे भरतीच्या वेळी उघडून यझर नदीकाठची सखल शेतं बुडवली आणि जर्मनांची आगेकूच तिथे चार वर्षांसाठी थांबली. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात असल उत्तरला आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उसातून येणारे पाकिस्तानी पॅटन रणगाडे चिखलात रुतले. २०२२ मध्ये युक्रेनने कीव्हच्या उत्तरेला इर्पिन नदीच्या खोऱ्यात पाणी सोडून रशियन रणगाड्यांची वाट बंद केली. या तिन्ही ठिकाणी पाणी उथळ होतं, जागा मोजकी होती आणि बुडवणाऱ्याला तो मुलूख पक्का माहीत होता.

जिथे हे तारतम्य सुटलं तिथे काय झालं, ते चीनमध्ये पाहावं. जून १९३८ मध्ये चीनचा तेव्हाचा नेता चँग कै-शेक याच्या फौजेने जपान्यांना रोखायला ह्वायुआनकोऊपाशी पीत नदीचा बांध फोडला. जपानी झेंगझोऊकडे येता येता थांबले, पण त्यांनी वाट बदलली आणि वुहान त्याच ऑक्टोबरात पडलं. चीनचे स्वतःचेच लाखो शेतकरी मेले, त्याहून कितीतरी जास्त बेघर झाले, आणि नदी जुन्या पात्रात परतायला १९४७ उजाडलं. काही महिन्यांसाठी एवढी किंमत. मला हे कोणत्याही लष्करी हिशेबात बसवता येत नाही आणि बसवायची इच्छाही नाही. धरणं फोडून नागरिकांवर पाणी लोटण्याला १९७७ च्या जिनिव्हा जादा करारात बंदी घातली गेली, ती अशाच अनुभवांमुळे.

६ जून २०२३ ला निप्रो नदीवरचं, रशियाच्या ताब्यातलं काखोव्का धरण फुटलं. सुमारे १८ घनकिलोमीटरचा जलाशय काही दिवसांत रिकामा झाला. खालच्या अंगाला गावं बुडाली. डावा काठ सखल, त्यामुळे तिथले रशियनांचे स्वतःचे पुढचे मोर्चे आणि सुरुंगांची शेतंही वाहून गेली. युद्धकाळातल्या पुराचा हा परिणाम बातम्यांत फारसा येत नाही, पण आमच्या कामात तो सर्वांत लांबणारा आहे. पेरलेला सुरुंग पाण्याबरोबर उठतो, गाळात वाहतो आणि कुठेतरी शेताच्या बांधाशी, झाडाच्या मुळाशी, घराच्या अंगणात जाऊन बसतो. प्लॅस्टिकच्या खोक्यातला असेल तर धातुशोधक यंत्रालाही तो धड सापडत नाही. वर हातभर गाळ बसला की तो पाय पडूनही फुटत नाही, आणि पुढच्या वर्षी नांगरट खोल गेली की फुटतो. सुरुंग पेरताना केलेले नकाशे अशा जागी कामाचे राहत नाहीत. पूर ओसरल्यावर पूररेषेच्या आतली सगळी जमीन संशयित धरायची, नदी कुठे वळते आणि कुठे गाळ टाकते ते पाहून आधी तिथून शोधाला सुरुवात करायची, आणि शेतकऱ्यांना ती जमीन परत द्यायची ती एकेक पट्टी तपासून झाल्यावरच.